बारा व्होल्टचा मुक्काम

चिंचणीला आम्ही चहापुरते गेलो होतो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. मधे काय झालं ते नाशकात ज्याला त्याला वेगवेगळं सांगून आता खरं काय हे माझं मलाच आठवेनासं झालंय, म्हणून एकदा लिहून ठेवते. ज्यांच्याकडे विजेची गाडी आहे त्यांना याचा उपयोग होईल. ज्यांच्याकडे लग्नाची मुलगी आहे त्यांनाही होईल, पण त्याची हमी देत नाही.

आमची ऋजुता हैदराबादला औषधांच्या कंपनीत आहे. तिथेच तिला हर्षल भेटला. हर्षल चिंचणीचा. वडील तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे कप्तान. आई मासे सुकवते आणि विकते. दोघांनी एका रविवारी फोनवर आपापल्या घरी ही बातमी दिली आणि वर सांगितलं की आता तुम्ही चौघं एकमेकांना भेटून घ्या, आम्हाला सुट्टी नाही.

माझा नवरा सतीश पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालाय. मी रक्त तपासायची लॅब चालवते. आम्ही आधुनिक माणसं आहोत, म्हणजे नकार तोंडावर देत नाही. त्र्यंबक ओलांडायच्या आत आमचं ठरलं होतं: जायचं, चहा घ्यायचा, चौकशी करायची, ‘कळवतो’ म्हणायचं आणि निघायचं. जेवण पालघरला एखाद्या शुद्ध शाकाहारी हॉटेलात. कारणं बोलताना आम्ही ‘लांब पडतं’, ‘रीतभात वेगळी’ असे शब्द वापरत होतो. मासे हा शब्द दोघांनीही उच्चारला नाही.

जव्हारचा घाट

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. ती विजेवर चालते, चार वर्षांची आहे, आणि सतीश तिचं कौतुक नव्या जावयाचं करावं तसं करतो. खरा जावई यायच्या आतच ते पद आमच्याकडे भरलेलं होतं.

त्र्यंबकच्या पुढे समोरच्या पडद्यावर एक पिवळी सूचना आली. बारा व्होल्टची बॅटरी तपासून घ्या, अशा अर्थाची. मी वाचून दाखवली. सतीश म्हणाला, मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली आहे, बाकीच्या बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं. त्याने बोट लावून सूचना घालवली. माझ्याकडे येणारे पेशंटही असेच रिपोर्टची घडी करून खिशात घालतात.

मोखाड्यापासून पुढे डोंगर उघडे व्हायला लागतात. भात कापून झालेलं होतं, शेतात नुसते खुंट उभे होते. जव्हारच्या अलीकडे एका वळणावर टेम्पोत कुटुंबंच्या कुटुंबं चढत होती. पातेली, गोधड्या, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. वीटभट्टीवर निघालेली माणसं. आता पाऊस पडेपर्यंत त्यांची घरं बंद. त्यांच्या मागून आम्ही गार हवेत, गाणी ऐकत, मुलीला नकार कसा कळवायचा याची वाक्यं जुळवत उतरत होतो. मनोरला हायवेवर गाडी चार्जिंगला लावली आणि तिचं पोट भरलं तसं सतीशचंही भरलं.

चिंचणी

घर दोन मजली, निळं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले. शेकडो असतील. सतीशने नमस्कार करताना श्वास रोखून धरला होता, त्यामुळे त्याचा नमस्कार फार थोडक्यात आटोपला.

हर्षलचे वडील जयवंतराव अंगाने रुंद, मिशा पांढऱ्या, शर्ट कडक इस्त्रीचा. आई हेमलता बारीक, चटपटीत, बोलायच्या आधी माणसाला वरपासून खालपर्यंत बघून घेणारी. मी पाटीतला मासा आहे की काय, असं मला क्षणभर वाटलं.

जयवंतरावांनी पहिला प्रश्न मुलीबद्दल विचारला नाही. ते म्हणाले, “इंजिन कुठं हाय याचं?”

संपलं. सतीशने चपला परत घातल्या. सगळी आळी जमली. त्याने दारं उघडली, मागचं झाकण आपोआप वर जातं ते दाखवलं, आरसे मिटवले, उघडले, आतले रंगीत दिवे लावले, गाणी लावली, काच हलवली. म्हाताऱ्या बाया आत बसून आल्या. एकीने मागच्या सीटवर पान जमवलं. हे इतका वेळ चाललं की आत केलेले पोहे गार होऊन परत गरम झाले. आणि या सगळ्या वेळात सतीशने गाडी ‘चालू’ केली नाही, नुसती जागी ठेवली. चालू केली तर उगाच बॅटरी खर्च होते, असं तो जयवंतरावांना समजावत होता.

मग चहा झाला. चौकशी झाली. सतीशने घसा साफ केला आणि म्हणाला, “बरं, आम्ही कळवतो.”

“कळवा,” हेमलता म्हणाल्या. त्या शब्दाचा अर्थ त्यांना नीट कळलेला दिसत होता.

आम्ही चपला घातल्या, हात जोडले, पुन्हा एकदा हात जोडले, आणि गाडीपाशी गेलो. सतीशने किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. जवळ जाऊन दाबलं. किल्ली उंच धरून दाबलं. गाडी दगडासारखी उभी.

विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे मला त्या अंगणात कळलं. एक पोटाखाली, पलंगाएवढी. तिच्यावर गाडी पळते. दुसरी पुढच्या झाकणाखाली, साध्या पेट्रोलच्या गाडीत असते तशीच, बारा व्होल्टची. कुलुपं, दिवे, पडदा, गाडीचा सगळा मेंदू या छोटीवर चालतो. मोठ्या बॅटरीची वीज गाडीत सोडणारा खटकासुद्धा हीच ओढते. गाडी चालू असली की मोठी छोटीला भरत राहते. नुसती जागी ठेवून गाणी वाजवली तर छोटी एकटी झिजते. आमची चार वर्षांची, कुणी कधी न बघितलेली छोटी बॅटरी सगळ्या आळीला दिवे दाखवून गतप्राण झाली होती. आणि तिच्यामागे मोठी, जवळजवळ पूर्ण भरलेली, नुसती बसून होती.

किल्लीच्या पोटातून एक लोखंडी पातं निघतं आणि त्याने दार उघडता येतं, हे बऱ्याच वेळाने सापडलं. आत अंधार. जयवंतराव म्हणाले, धक्का मारू. सातआठ जणांनी मारला. गाडी बोटभरही हलली नाही, कारण तिचा हँडब्रेकही विजेचा. सतीशने मदतीच्या क्रमांकाला फोन लावला. तिकडची मुलगी फार गोड बोलली. उद्या संध्याकाळपर्यंत गाडी उचलायला माणूस येऊ शकेल, म्हणाली.

“बोटीवर बॅटरी हाय माझ्या,” जयवंतराव म्हणाले. “बाराचीच. आनून जोडू.”

सतीश चांगला दमला होता, म्हणून असेल, तो म्हणाला, “अहो, हे बोटीचं इंजिन नाही.”

जयवंतराव मिशीवरून हात फिरवून आत गेले. हेमलताताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, जेवून घ्या. नकार देऊन बाहेर पडलेल्या घरात पुन्हा चपला काढून शिरणं काय असतं ते मी सांगू शकत नाही. चपलेचा बंद सुटता सुटत नाही एवढं सांगते.

जेवण मात्र असं की विचारू नका. सतीशसाठी त्यांनी न विचारता वेगळं पातेलं काढलं, वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या पातळ पांढऱ्या भाकऱ्या थापल्या. त्याने पहिली भाकरी संशयाने खाल्ली, दुसरी मन लावून, आणि तिसरी त्याने स्वतः मागितली. माझ्यापुढे ओल्या बोंबलाचं कालवण आलं. मी घेतलं. लॅबमधली माझी जोडीदारीण दर बुधवारी डब्यात मासे आणते, त्याला बरीच वर्षं झाली. मी काटा एका ओढीत अख्खा बाहेर काढला तेव्हा सतीशचा घास हातातच राहिला. त्याला वाटत होतं मी फक्त एकदा ‘चव’ घेतली होती.

संध्याकाळी सुरूच्या झाडांमधून समुद्रावर गेलो. लांबवर तारापूरच्या वीजकेंद्राचे दिवे लागले होते. इतकी वीज डोळ्यांपुढे तयार होत होती आणि आमची गाडी दोन वायरींइतक्या विजेवाचून मेली होती, यावर मी एक विनोद केला. सतीश हसला नाही.

त्या घरात घड्याळ भिंतीवर आहे, पण चालतं सगळं भरती-ओहोटीवर. उद्या किती वाजता उठायचं असं विचारलं तर जयवंतराव पाण्याचं सांगतात. आणि दुसरी गोष्ट: आमच्याकडे असल्या बैठकीत पुरुष बोलतात आणि बायका चहा आणतात. इथे सतीशने लग्नातल्या रीतींबद्दल काहीबाही विचारलं की जयवंतराव प्रत्येक वेळी म्हणत, “ती सांगल.” मग चहा तेच आणत.

ऋजुताचा फोन आला. आम्ही अजून तिथेच आहोत हे ऐकून तिने कारण विचारलं. कारण ऐकून हसायला लागली, आणि गरजेपेक्षा जास्त वेळ हसली. गाडीचं माहितीपुस्तक वाचलं का, असं तिने विचारलं. पुस्तक गाडीच्या पडद्यात होतं आणि पडदा मेलेला होता. शेवटी तिने ते शोधून माझ्या मोबाइलवर पाठवलं.

खाडी

सकाळी सतीश ओट्यावर बसून माझ्या मोबाइलवर ते वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या बारा व्होल्टच्या बॅटरीने गाडी जागी करता येते, असं तिथे चित्रासकट लिहिलेलं होतं. फक्त उलट करायचं नाही: या गाडीने दुसऱ्याची बंद पेट्रोल गाडी सुरू करायला जाऊ नये.

तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, माझ्याकडे बोट नाही.

मग तो जयवंतरावांसमोर जाऊन उभा राहिला. “जयवंतराव, ती तुमची बोटीची बॅटरी...”

जयवंतरावांनी बशीतला चहा संपवला. कप ठेवला. “आता ओहोटी हाय,” ते म्हणाले. “चिखलातनं जायला लागंल.”

“जाऊ,” सतीश म्हणाला.

मी आणि हेमलताताई काठावर उभ्या राहून बघत होतो. खाडीतलं पाणी ओसरलेलं, बोटी एका कुशीवर कललेल्या, आणि मधे राखाडी चकचकीत चिखल. जयवंतराव त्यावरून घरातल्यासारखे चालत गेले. सतीश तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. तो वाकून चिखलात हात घालून शोधत राहिला, तसा दुसराही पाय गेला. जयवंतराव मागे आले, त्याला काखेत धरून उपटला, आणि काहीतरी म्हणाले. काय ते ऐकू आलं नाही, पण सतीश हसला. चोवीस तासांत पहिल्यांदा.

बोटीवरची बॅटरी आमच्या मिक्सरच्या दुप्पट मोठी. दोघांनी दोराने बांबूच्या काठीला लटकवून ती खांद्यावर आणली. येताना दोघंही मांडीपर्यंत चिखलाने माखलेले होते आणि एकाच वेळी बोलत होते. जयवंतराव सांगत होते की बोटीवर ती इंजिन सुरू करताना त्याला फिरकी मारायला आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राला लागते. सतीश सांगत होता की चार वर्षं झाली की छोटी बॅटरी तपासायलाच हवी. जणू हे त्याला कालपासून नाही, जन्मापासून ठाऊक होतं.

बोटीवरूनच आणलेल्या वायरी जोडताना परत थोडी चकमक झाली. लाल वायर लालला, यात दोघांचं एकमत होतं. काळी मेलेल्या बॅटरीच्या काळ्याला लावायला जयवंतराव निघाले, तर सतीशने हात धरला. पुस्तकात म्हटलं होतं की ती गाडीच्या उघड्या लोखंडाला लावायची, बॅटरीपासून लांब, ठिणगी उडाली तर बॅटरीजवळ नको म्हणून. मग जयवंतरावांनी वाकून एक जाड नारिंगी वायर बाजूला सारायला हात घातला, तेव्हा सतीश ओरडला. नारिंगी म्हणजे मोठ्या बॅटरीची, तिला कधीच हात लावायचा नाही. जयवंतरावांनी हात मागे घेतला आणि गाडीकडे, आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच, आदराने पाहिलं.

बारीकशी ठिणगी उडाली. आरसे उघडले, पडदा उजळला, आणि कालचं गाणं भर अंगणात सुरू झालं.

बोईसर

तेव्हाच निघता आलं असतं. पण सतीशने थोडा वेळ गाडी चालू ठेवून मग बंद करून बघितली, तर ती परत बेशुद्ध. पुन्हा बोटीची बॅटरी, पुन्हा वायरी. छोटी आता धरूनच ठेवत नव्हती. नवी घेणं भाग होतं, आणि घेईपर्यंत गाडी बंद करायची नव्हती. जयवंतराव म्हणाले, बोईसरला ओळखीचं दुकान आहे, मी येतो. हेमलताताई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, याला एकट्याला पाठवला तर भलतंच काहीतरी घेऊन येईल, मीही येते. त्यांना बोईसरहून खडे मीठही आणायचं होतं.

बोईसरला कारखान्यांची पाळी सुटली होती. रस्ताभर निळे, राखाडी गणवेश, डबे, सायकली, चहाच्या टपऱ्यांवर चारी दिशांची हिंदी. दुकान गर्दीच्या रस्त्यावर. आमच्या गाडीचा स्वभाव असा की चालवणारा उठून दार उघडून गेला की ती आपली आपण झोपते. तेव्हा स्टिअरिंगसमोर कुणीतरी बसून राहायला हवं होतं. चिंचणीपासून गाडी मीच चालवत आणली होती, म्हणून पुरुष दुकानात गेले आणि मी पट्टा लावून तशीच बसून राहिले. शेजारी हेमलताताई. कुठेही न जाणाऱ्या गाडीत, गार हवा लावून, दोघी समोर बघत.

मी वेळ काढायला पुस्तक मोठ्याने वाचायला लागले. छोटी बॅटरी कशी निवडावी: जुनीच्याच मापाची, तेवढ्याच क्षमतेची, आणि धन-ऋण टोकं त्याच बाजूला. जुनी ज्या जातीची असेल त्याच जातीची नवी. हलकी किंवा भारी म्हणून दुसरी बसवायची नाही, कारण मोठी बॅटरी तिला विशिष्ट बेताने भरते. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धाएक तास चालू ठेवावी. कॅमेरे, चार्जर लावून ठेवू नयेत. टोकांवर पांढरी भुकटी धरली तर पुसावी. दोनतीन वर्षांनी दरवर्षी व्होल्ट मोजून घ्यावेत; निवांत असताना साडेबाराच्या वर असेल तर बरी, बाराच्या आसपास असेल तर दुकान शोधावं. मला हे सगळं पटलं. हिमोग्लोबिनही लोक चक्कर आल्यावरच बघतात.

हेमलताताई ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. मी थांबले तशा त्या म्हणाल्या, “काल तुमी नाय म्हनायलाच आला व्हतात ना?”

मी स्टिअरिंग धरून बसले होते. उतरून जायची सोय नव्हती. उतरले असते तर गाडी बंद पडली असती.

“हो,” मी म्हटलं.

“मना वाटलंच. तुमच्या सायबांनी नाकानंच सांगितलं.” त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही दिसल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमी पन नायच म्हननार व्हतो. तुमी आधी बोललात म्हनून बरं झालं.”

मला इतकं लागलं की मला त्याचंच नवल वाटलं. आमच्या ऋजुताला नाही म्हणायला यांना काय झालं? मी तसं विचारलंही. त्यांनी सरळ सांगितलं. गावातली एक मुलगी त्यांच्या मनात होती, हाताखाली वाढलेली, बाजारात बसायला न लाजणारी. ही सगळी सुकी मासळी, हे बांधलेलं गिऱ्हाईक, सासूने त्यांच्या हातात दिलेलं. त्या थकल्यावर ते कुणाच्या हातात द्यायचं? हैदराबादला राहणारी सून बोंबील हातात तरी घेईल का? बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला, आणि त्यांनी काच खाली करायचं बटण शोधायला सुरुवात केली. आमच्या कारणांपुढे त्यांचं कारण फार मोठं होतं.

थोड्या वेळाने मी म्हटलं, तुमच्या मुलातले दोष सांगा. चांगलं सगळं ऋजुताकडून ऐकून झालंय.

त्यांनी विचार केला. चिडला की बोलत नाही, दोनदोन दिवस. सकाळी त्याला उठवत नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकतो. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आनि त्याला बोट लागते.”

“म्हणजे?”

“उलट्या व्हतात. तांडेलाचा पोरगा, खाडीच्या तोंडाशी गेला की उलट्या. म्हनून तर शिकवला.”

मी हसले. मग मला थांबवता येईना. त्याही हसल्या. मग मी ऋजुताचे सांगितले: चहा येत नाही, पाहुण्यांसमोर खरं बोलते, हरवलेली वस्तू दुसऱ्याने घेतली असं आधी ठरवते, घोरते. त्यांनी एकेकावर मान डोलवली. घोरण्यावर म्हणाल्या की ते चालेल, त्यांच्याकडे सगळेच घोरतात.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“काय करनार? दोगं आपल्याला इचारत नायत. सांगतायत.”

तेवढ्यात पुरुष बॅटरी घेऊन आले. पुढचं झाकण उघडून जुनीशेजारी धरली. माप बरोबर, पण धन टोक भलत्या बाजूला. जयवंतराव म्हणाले, फिरवून ठेवू. फिरवली तर टोकं मागच्या भिंतीकडे गेली आणि वायर पोचेना. दुकानदार मागोमाग आला. म्हणाला, “टेंशन मत लो, वायर बढ़ा देता हूँ.” सतीशने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो गाडीचं शेपूट लांब करायला निघालाय. दुकानदाराने मग तिच्याऐवजी घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी दाखवायची तयारी केली, ती फार टिकते म्हणून. मी काचेतून पुस्तकातला नेमका भाग दोघांना वाचून दाखवला. जयवंतरावांनी आपल्या ओळखीच्या दुकानदाराला त्याच्याच पायरीवर दोन गोष्टी सुनावल्या. खडे मीठ राहिलंच. आम्ही न थांबता पालघरला गेलो.

पालघर

पालघरच्या दुकानात हवी तीच मिळाली. तिथला माणूस जेवायच्या घाईत होता, त्यामुळे त्याने काही शहाणपणा केला नाही. आता गाडी बंद करायची वेळ आली. सतीशने बटणावर बोट ठेवलं आणि क्षणभर तसाच बसला. मग दाबलं. आधी काळी वायर सुटली, मग लाल. जुनी बाहेर, नवी आत. आता लाल आधी, काळी शेवटी. वरून पट्टी आवळली. सतीश एका बाजूने धरत होता, जयवंतराव दुसऱ्या.

गाडी जागी झाली. तिच्या घड्याळात भर दुपारी मध्यरात्र झाली होती आणि काचा अर्ध्यावर थांबत होत्या. त्या पुन्हा शिकवाव्या लागतात म्हणे. बाकी सगळं ठीक. जुनी बॅटरी दुकानात देऊन टाकली.

सतीश माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “ते बोईसरपासून सगळ्यांना मी त्यांचा व्याही आहे म्हणून सांगतायत.”

“मग तू काय म्हणालास?”

“माझ्या हातात बॅटरी होती,” तो म्हणाला. “जड असते.”

जयवंतराव आणि हेमलताताई एसटी स्टँडची चौकशी करायला लागले. आमचा रस्ता मनोरचा, त्यांचा परत चिंचणीचा. दोन विरुद्ध दिशा. सगळे उभे राहिलो. काल दोनदा हात जोडून झाले होते, तिसऱ्यांदा कसे जोडायचे ते कुणाला सुचेना. सतीशने मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाला की नवी बॅटरी आहे, लगेच लांब न्यायची नसते, जवळपास थोडी फिरवून बघायला हवी. पुस्तकात असं कुठेही नाही. मी दोनदा वाचलंय.

दोघं बसले. चौकात आल्यावर त्याने कुणाला न विचारता गाडी बोईसरच्या रस्त्याला घातली. मागे हेमलताताई जयवंतरावांना सांगत होत्या की मीठ घ्यायला आता तरी थांबा, आणि उद्याच्या बिरड्याला आजच वाल भिजवावे लागतील.

माझा फोन वाजला. ऋजुता होती.

“आई, घरी पोचलात?”

“नाही. चिंचणीला चाललोय.”

ती काळजीत पडली. “परत? गाडी पुन्हा बंद पडली?”

“नाही गं,” मी म्हटलं. “गाडी अगदी छान चालू आहे.”